मेलेल्या पाखरांची साक्ष

बडोद्याच्या कमाटीबागेतील संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा मांडलेला आहे. १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेल्या त्या अजस्र देहाकडे पाहून बहुतेक प्रेक्षक ‘केवढा हा!’ एवढेच उद्गारतात आणि पुढच्या दालनाकडे वळतात. त्यांचा यात दोष नाही. दोष आहे तो, प्राण्यांचे संग्रहालय म्हणजे सुटीत मुलांना दाखवावयाची गंमत, असे समजणाऱ्या आपल्या सुशिक्षितांचा. ही मंडळी हल्ली आणखी एक पाऊल पुढे गेली आहेत. ती विचारतात, छायाचित्रे आणि चलच्चित्रे मुबलक असता पेंढा भरलेली ही कलेवरे सांभाळण्याचा खर्च कशासाठी? हा प्रश्न वरवर भूतदयेचा भासतो. वस्तुतः तो अज्ञानातून निघालेला आहे, आणि सातपुड्यातील एका लहानशा घुबडाने त्याचे उत्तर केव्हाच देऊन ठेविले आहे.

हे घुबड म्हणजे रानपिंगळा. १८७० नंतरच्या दहाबारा वर्षांत त्याचे मोजून सात नमुने जमा झाले. त्यांपैकी बहुतेक खानदेशात नोकरीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने मिळविलेले होते. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याचा एकही खरा नमुना कोणाच्या हाती लागला नाही. अपवाद एकच सांगितला जाई. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहॅगन याने १९१४ साली गुजरातेतील तापीकाठच्या मांडवीजवळ एक रानपिंगळा मारल्याची चिठ्ठी त्याच्या संग्रहातील नमुन्याला बांधलेली होती. या कर्नलाने सुमारे वीस हजार पक्ष्यांची कातडी १९५४ साली ब्रिटिश म्युझियमला अर्पण केली होती. एवढ्या थोर दात्याच्या शब्दावर शंका कोण घेणार?

शंका घेतली पामेला रासमुसेन या पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी. त्यांनी व नायजेल कॉलर यांनी ते कातडे क्ष-किरणांखाली धरले, आतील भरण पाहिले, शिवण तपासली. कर्नलाने ते उसवून पुन्हा भरले होते, तरी डेव्हिडसनच्या हातच्या कामाच्या खुणा आत शिल्लक होत्याच. पक्षी खानदेशातला, मारणारा डेव्हिडसन. कर्नलाने तो संग्रहालयातून चोरून त्यावर आपली चिठ्ठी चढविलेली! मग मांडवीचे नाव बाजूस सारून खऱ्या चिठ्ठ्यांवरील गावांचा माग घेत रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हिंडले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा जिवंत बसलेला त्यांना दिसला. मध्यंतरी ११३ वर्षे लोटली होती. (पुढे हा पक्षी डांगच्या अरण्यातही आढळला, म्हणजे गुजरात त्याला परका नव्हे. पण त्यामुळे खोटी चिठ्ठी खरी ठरत नाही.)

यावर आमचे प्रतिपक्षी म्हणतील, संग्रहालयाचा कागदच खोटा निघाला, हे तर आमच्याच पक्षाचे प्रमाण झाले! त्यांना आमचा सवाल आहे : हा खोटेपणा उघडकीस आला कशामुळे? कर्नलाने केवळ छायाचित्र दिले असते, तर त्याच्या पोटात शिरून शिवण कोणी पाहिली असती? कातडे जपून ठेविले होते म्हणूनच ऐंशीहून अधिक वर्षांनी त्याने साक्ष फिरविली. ब्रिटनमध्ये बहिरी ससाण्यांची संख्या का घटते हे कोडे सुटले तेही अशाच रीतीने. छंदिष्टांनी जमविलेली जुनी अंडी डेरेक रॅटक्लिफ यांनी नव्या अंड्यांशी ताडून पाहिली आणि टरफले पातळ झाल्याचे १९६७ साली दाखवून दिले. त्यातून डीडीटीचे पाप पदरी पडले. ती अंडी जमविणाऱ्यांना डीडीटी हे नावही ठाऊक नव्हते. कोणता नमुना उद्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देईल हे आज कोणासच सांगता येत नाही. म्हणून ‘निरुपयोगी’ ठरवून तो टाकून देण्याचा अधिकारही कोणास नाही.

आमची तक्रार संग्रहालयांविरुद्धही आहे. घुबडापुढे लॅटिन नाव लिहिले की आपले कर्तव्य संपले, असे त्यांच्या चालकांना वाटते. महाराष्ट्रात पहाटेच्या अंधारात कुडमुडे वाजवीत पिंगळा दारी येतो आणि पाखराची भाषा आपणांस कळते, असे सांगून भविष्य कथन करतो. त्याचे पाखरू गावाशेजारचे, ठिपक्यांच्या डोक्याचे, तिन्हीसांजेला ओरडणारे. रानपिंगळा त्याचा चुलतभाऊ, पण दिवसाउजेडी शिकार करणारा. हे दोघे शेजारी मांडून ही हकीकत त्यांखाली लिहिली, तर खेड्यातून आलेला माणूस त्या काचेपुढे दोन घटका उभा राहील. पिंगळ्याच्या भाकिताला आपण भाकडकथा म्हणतो आणि कर्नलाच्या चिठ्ठीला मात्र शास्त्र म्हणत आलो, ही मौजही त्याच्या ध्यानात येईल.

या साऱ्याची किंमत राज्यकर्त्यांना किती वाटते? राजधानीतील राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय १९७८ मध्ये उघडले ते उद्योगपतींच्या महासंघाच्या इमारतीत, भाड्याच्या जागेत; आणि २६ एप्रिल २०१६ च्या पहाटे तेथेच ते जळाले. दोन वर्षांनी रिओ द जानेरोचे जुने संग्रहालय भस्मसात झाले तेव्हा आपल्या वृत्तपत्रांनी हळहळ व्यक्त केली. दिल्लीची राख तोवर विस्मृतीत गेली होती. आम्ही संगमरवरी प्रासाद मागत नाही. प्रत्येक महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात जी जुनी कपाटे आहेत, ती उघडून एकेक चिठ्ठी उतरून घ्यावी, नमुन्याचे छायाचित्र काढावे आणि गाव, तारीख, संग्राहक यांची यादी त्या प्रांताच्या भाषेत छापावी. या कामास एक वही आणि एक चिकाटीचा विद्यार्थी पुरे. ते याच वर्षी झाले पाहिजे, कारण त्या कपाटांना वाळवी लागली आहे.