चौकट आली, चित्र नाही!

ऑगस्ट २०२४ मध्ये लखनौतील एका डॉक्टर महिलेला फोन आला. पलीकडची माणसे स्वतःला सरकारी अधिकारी म्हणवत होती. 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे' असा धाक घालून त्यांनी तिच्याकडून २ कोटी ८१ लाख रुपये उकळले. त्याच शहरातील आणखी एका डॉक्टर महिलेचे ८५ लाख रुपये असेच गेले होते. त्या प्रकरणात जुलै २०२५ मध्ये लखनौच्या न्यायालयाने एका आरोपीला ७ वर्षांची कैद सुनावली. मुळात आपल्या कायद्यात 'डिजिटल अटक' नावाचा प्रकारच नाही. पण तसा फोन आला की भल्याभल्यांची मती गुंग होते.

अशा वेळी घरातला एखादा शहाणा मुलगा बजावतो, "आई, आधी स्क्रीनशॉट काढून ठेव!" आई काढतेही. नंतर उघडून पाहते तो काय, खिडकीची चौकट, वरची पट्टी, कोपऱ्यातली फुली सारे जागच्या जागी आणि मधोमध काळाकुट्ट ठोकळा! आता पोलिसांना दाखवायचे काय?

सॉफ्टवेअर बिघडले असे समजून लोक ते काढून टाकतात आणि दुसरे आणतात. बहुधा त्याचाही ठोकळाच येतो. कारण दोष तिथे नसतोच. पूर्वी प्रत्येक खिडकीचे चित्र संगणकाच्या नेहमीच्या स्मृतीत तयार होई आणि टिपणारे सॉफ्टवेअर ते तिथून उचलत असे. आता व्हिडिओ आणि ब्राउझरची पाने ग्राफिक्स चिप परस्पर रंगवते. जुन्या पद्धतीचे सॉफ्टवेअर जुन्याच जागी शोधत बसते आणि तिथे असतो नुसता रिकामा कागद. हे दुखणे तसे जुनेच. व्हिडिओ सीडीच्या काळात चालू सिनेमाचे चित्र टिपून 'पेंट'मध्ये चिकटवले, की कधी कधी त्या चिकटवलेल्या चौकोनातच सिनेमा पुढे चालू झालेला दिसे! चौकोनात चित्र नव्हतेच, होता फक्त एक ठरावीक रंग. त्या रंगाच्या जागी चिप सिनेमा दाखवत असे.

मग दोष शोधायचा कसा? आधी 'नोटपॅड' उघडून दोन शब्द लिहा आणि ती खिडकी टिपा. तीही कोरी आली, तर अडचण संगणकाच्या मांडणीत किंवा परवानगीत आहे. ती नीट आली, तर नुसती खिडकी न टिपता विंडोज, शिफ्ट आणि एस या कळा एकत्र दाबून अख्खा पडदा टिपा. त्यात हवे ते दिसले, म्हणजे टिपण्याची पद्धत चुकत होती. बाकी सारे दिसले आणि तेवढीच खिडकी काळी राहिली, तर ती बहुधा मुद्दाम झाकलेली आहे.

पद्धत चुकत असेल तर उपाय सोपा. 'ओबीएस'सारख्या सॉफ्टवेअरमध्ये खिडकी टिपण्याच्या पद्धतींची यादी असते. तिच्यातली जुनी 'बिटब्लिट' सोडून 'विंडोज १०' निवडावी. क्रोममध्ये सेटिंग्जच्या 'सिस्टिम' विभागात ग्राफिक्स अॅक्सिलरेशनचे बटण आहे. ते बंद करून क्रोम पुन्हा सुरू करावे. खिडकी खाली दडवलेली नको, कारण दडवलेल्या खिडकीचे चित्र बहुधा रंगवलेच जात नाही. काही लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात. पडदा एकीकडे आणि टिपणारे सॉफ्टवेअर दुसरीकडे, असे झाले की ठोकळा ठरलेला! विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये, ग्राफिक्सच्या यादीत त्या सॉफ्टवेअरला 'पॉवर सेव्हिंग' निवडून पाहावे. मॅकवाल्यांची गोष्ट निराळी. २०१९ च्या 'कॅटालिना'पासून पडदा टिपायला परवानगी लागते. ती दिली नसेल तर मागचे सुंदर डोंगर तेवढे येतात आणि खिडक्या गायब!

आता मुद्दाम झाकलेल्या खिडक्या. बँकांची बरीच अॅप्स, पैसे भरून पाहायचे सिनेमे, व्हॉट्सअॅपवर एकदाच पाहता येणारे फोटो यांचे चित्र टिपू नये अशी सोय त्यांच्या कर्त्यांनीच केलेली असते. तिला बगल देणारी सॉफ्टवेअर्स इंटरनेटवर फुकट मिळतात, पण त्यांच्या वाटेला न गेलेलेच बरे. फुकटाच्या नादात चोराला आपणच दार उघडून द्यायचे! शिवाय हे कुलूप आपल्याच कामाचे आहे. भामटे 'मदत करतो' म्हणून पडदा शेअर करायला लावतात, तेव्हा असे झाकलेले बँकेचे अॅप त्यांनाही काळेच दिसते. मात्र सगळीच अॅप्स असे झाकत नाहीत आणि संदेशातून आलेला ओटीपी तर उघडाच दिसतो. म्हणून अनोळखी माणसाला पडदा दाखवूच नये.

पुरावा हवा असेल तर सरळ घरातला दुसरा मोबाइल घ्यावा आणि पडद्याचा फोटो काढावा. फोन नंबर, तारीख आणि वेळ त्यात दिसू द्यावी. पैशांच्या व्यवहाराचे विवरण बँकेकडूनच मिळते, त्यासाठी अॅपशी झटापट नको. मूळ फाइल आहे तशीच ठेवावी, कापूनछाटून 'नीटनेटकी' करू नये. व्हॉट्सअॅपवरून साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकसतो आणि मूळ फाइल बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यात फाइलचा 'हॅश' म्हणजे तिचा अंगठाच नोंदवतात. फाइल किंचित जरी बदलली तरी तो जुळत नाही.

आणि चित्र नाहीच आले, तर त्यासाठी तक्रार अडवून ठेवू नये. १९३० हा क्रमांक लखनौत चालतो तसाच नागपुरातही. तिथे फोन जितका लवकर जाईल, तितकी खात्यातले पैसे पुढे सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता जास्त. स्क्रीनशॉटची खटपट त्यानंतर.