चाकं मोठी, ब्रेक तेवढेच?

अमेरिकेत, विशेषतः फ्लोरिडात, १९७१ ते १९७६ मधल्या शेवरले इंपाला आणि कॅप्रिस गाड्यांना 'डाँक' म्हणतात. मूळच्या १५ इंची चाकांच्या जागी २६ इंची, कधी तर ३० इंची चकचकीत रिम्स! गाडी चालते कसली, मिरवते. जुन्या गाड्यांचे शौकीन मग नाकं मुरडतात. चांगल्या गाडीची वाट लावली म्हणे.

मला काही हे पटत नाही बुवा. इंपाला काय राजेरजवाड्यांची होती? लाखोंनी खपलेली, साध्या घरातली गाडी. मायामीच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या पोरांनी हौसेने सजवल्या, म्हणून कित्येक भंगारात जायच्या वाचल्या.

माझं भांडण आहे ते ब्रेकवरून. टायरसकट चाकाचा घेर वाढला, की तोच ब्रेक रस्त्यावर कमी जोर लावतो. त्यात चाक जड. शिवाय स्पीडोमीटर जुन्याच चाकाच्या हिशोबाने चालतो, म्हणजे खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. थोडक्यात, गाडी वाटते त्यापेक्षा वेगात असते आणि थांबते उशिरा! रस्ता ओलांडणाऱ्या पोराला तुमच्या रिमच्या चकाकीचं काय?

चांगले कारागीर आधी मोठे डिस्क ब्रेक बसवतात, सस्पेन्शन मजबूत करतात, रंगाचं मग बघतात. तेवढे पैसे नसतील तर चाकं थोडी लहान घ्या की. आणि हो, जुनी १५ इंची चाकं विकू नका. नातवाला कदाचित तीच आवडतील...