विद्यार्थ्यांनी बनवलेला ड्रोन घ्यायचा का?

अभियांत्रिकीची मुले स्वतः बनवलेला फवारणी ड्रोन घेऊन गावात येतात. शेताच्या कोपऱ्यांची नोंद केली, की यंत्र आपोआप ओळीने फवारणी करून जागेवर परततं. बघणारे खूश होतात आणि शेतकरी कंपनीच्या बैठकीत विषय निघतो, याच मुलांकडून ड्रोन घ्यायचा का?

अशा संशोधनातून कंपनी उभी राहू शकते. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये आयडियाफोर्ज सुरू केली आणि जुलै २०२३ मध्ये तिची शेअर बाजारात नोंदणी झाली. मधे १६ वर्षे गेली, हे विसरू नका. शिवाय तिचा मुख्य धंदा फवारणीचा नव्हता, तर टेहळणी आणि नकाशांचा. ते काम बारमाही चालते. फवारणीचे यंत्र मात्र हंगाम सरला की कोपऱ्यात पडून राहते. नव्या कंपनीची खरी अडचण माझ्या मते इथेच आहे. उड्डाणाचे तंत्र मुलांना बऱ्यापैकी जमलेले असते.

कायद्याचा मुद्दाही आहे. ड्रोन नियम २०२१ नुसार शिक्षणसंस्था आणि मान्यताप्राप्त स्टार्टअप यांना ग्रीन झोनमध्ये, आपल्या ताब्यातील जागेत संशोधन व चाचणीसाठी टाइप सर्टिफिकेट लागत नाही. ही सवलत चाचणीपुरतीच. भाडे घेऊन गावभर फवारणी करायची, तर त्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट, ड्रोनला नोंदणी क्रमांक आणि चालवणाऱ्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट हवे. म्हणून आगाऊ रक्कम देण्याआधी सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचे मॉडेल समोरच्या यंत्राशी जुळवून पाहा. ‘अर्ज केला आहे’ यावर व्यवहार करू नका.

अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्राला केंद्राच्या योजनेत ४० टक्के, कमाल ४ लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. उरलेला भार तुमचाच. त्यात बॅटऱ्या धरा. १० लिटरची टाकी भरून एक संच साधारण १० ते १५ मिनिटेच उडतो, त्यामुळे दिवसभराच्या कामाला अनेक संच लागतात आणि ते काही हंगामांत बदलावे लागतात. पंप, नोझल कुठे मिळतील, ऐन कापसाच्या फवारणीत मोटर गेली तर माणूस किती तासांत येईल, हे करारात लिहून घ्या. मुले पदवी घेऊन नोकरीला गेली, तर दुरुस्ती कोण करणार, हेही स्पष्ट विचारा.

आणि प्रात्यक्षिक शाळेच्या मैदानावर नको. वाकडा बांध, बांधावरची बाभूळ आणि वरून गेलेली वीजतार असलेले शेत निवडा. टाकीत आधी साधे पाणीच भरा.