मिनिट : बोलण्यातले आणि व्रतातले

इंग्रजीतून मराठीत आलेल्या कालवाचक शब्दांत ‘मिनिट’ इतका रुळलेला दुसरा शब्द क्वचितच सापडेल. कोडोलीच्या पेठेत काट्यावर माल असताना दुसरे गिऱ्हाईक आले, की दुकानदार ‘एक मिनिट’ म्हणतो. त्या वेळी साठ सेकंद कोणाच्याच मनात नसतात. ‘थोडे थांबा, तुमच्याकडे लक्ष आहे’ एवढाच त्याचा अर्थ असतो आणि गिऱ्हाईकही तो तसाच घेते.

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. प्राचीन ज्योतिर्विद अंशाचे साठ भाग करीत. त्या पहिल्या विभागणीला ‘पहिला लहान भाग’ अशा अर्थाचे लॅटिन नाव होते. त्यातील ‘लहान’ या अर्थाचा शब्द म्हणजे आजचे मिनिट. त्या भागाचे पुन्हा साठ भाग केले, तो ‘दुसरा लहान भाग’; त्यातील ‘दुसरा’ म्हणजे आजचा सेकंद. भारतीय ज्योतिषात अंशाच्या याच विभागांना कला आणि विकला म्हणतात. इंग्रजीत मिनिटाचेच अक्षरलेखन ‘मायन्यूट’ असे उच्चारले, की त्याचा अर्थ ‘सूक्ष्म’ होतो. संस्थेच्या सभेचे इतिवृत्त, ज्याला ‘मिनिट्स’ म्हणतात, तेही याच कुळातले.

जैन परंपरेने काळाची विभागणी याहून पुष्कळ सूक्ष्म केली आहे. पुद्गलाचा एक परमाणू मंद गतीने एका प्रदेशातून लगतच्या प्रदेशात जातो, तेवढ्या अविभाज्य काळाला ‘समय’ म्हणतात. असंख्यात समयांची एक आवली आणि संख्यात आवलींचा एक उच्छ्वास. सात उच्छ्वासांचा एक स्तोक, सात स्तोकांचा एक लव आणि सत्त्याहत्तर लवांचा एक मुहूर्त. गुणाकार केला, तर मुहूर्तात ३७७३ उच्छ्वास येतात. अहोरात्राचे मुहूर्त ३०, म्हणजे एक मुहूर्त ४८ मिनिटांचा. त्या हिशेबाने एका मिनिटाला सुमारे ७९ उच्छ्वास पडतात. ही संख्या निरोगी माणसाच्या नाडीच्या ठोक्यांशी जुळते. घड्याळ घरात येण्यापूर्वी हे माप माणसाच्या देहातच होते.

श्रावकाच्या घरात या ४८ मिनिटांना आजही किंमत आहे. सामायिकाचा काळ तेवढा, गाळलेल्या पाण्याची मर्यादा तेवढी. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे तीच ४८ मिनिटे राखून जेवण आटोपण्याची चाल अनेक घरांत आहे. येथे मात्र ‘एक मिनिट’ म्हणजे खरोखर एक मिनिट, आणि त्यासाठी सूर्यास्त कोणत्या गावचा धरला, हे पाहावे लागते.

पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर ठरवलेली असून ती १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. कोडोली त्या रेखांशाच्या सव्वाआठ अंश पश्चिमेस आहे. म्हणून कोडोलीचा मध्यान्ह सरासरीने घड्याळातील बारानंतर सुमारे ३३ मिनिटांनी होतो. मुंबई कोडोलीच्याही पश्चिमेस सुमारे सव्वा अंश आहे. त्यामुळे मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास कोडोलीचा सूर्यास्त मुंबईच्या पाचेक मिनिटे आधी होतो. मुंबई उत्तरेसही असल्याने हा फरक जूनमध्ये नऊ-दहा मिनिटांपर्यंत वाढतो आणि डिसेंबरअखेर एखाद्या मिनिटावर येतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मुंबईचा सूर्यास्त छापलेला असेल आणि कोडोलीतील कुटुंब त्यावर विसंबून शेवटच्या क्षणापर्यंत जेवत राहील, तर पावसाळ्याच्या तोंडाशी, सूर्य ढगाआड असताना, नियम नकळत मोडलेला असेल. कोल्हापूरची वेळ देणारे पंचांग घरात ठेवणे, हाच त्यावरचा साधा उपाय आहे.

व्यवहारातील ‘एक मिनिट’ इतके काटेकोर असू शकत नाही, तशी अपेक्षाही कोणी करीत नाही. परंतु हाच सैलपणा ‘दोन मिनिटांत रक्कम पाठवतो’, ‘दहा मिनिटांत माल निघतो’ अशा बोलण्यात शिरला, की समोरचा माणूस हमाल थांबवून ठेवतो, टेम्पो उभा करून ठेवतो. तेथे तो नुसता बोलण्याचा प्रघात राहत नाही, तो दिलेला शब्द होतो. आणि सत्य अणुव्रत घेतलेल्या व्यापाऱ्याला शब्दाचा हिशेब रकमेइतकाच चोख ठेवावा लागतो. सामायिकास बसलेली आजी ४८ मिनिटे पुरी झाल्याशिवाय आसन सोडत नाही. तिच्याच घरातील मुलगा पेढीवरून ‘अर्ध्या तासात’ म्हणतो, तेव्हा त्या अर्ध्या तासाची मिनिटे तीसच असली पाहिजेत. ती तीस राहणार नसतील, तर ‘संध्याकाळपर्यंत’ असे आधीच सांगणे अधिक खरे, आणि पेढीच्या पतीलाही तेच हितकारक.