जोडणी म्हणजे निर्मिती नव्हे

'भारतात बनलेला' ही मुद्रा भ्रमणध्वनी संचावर दिसली की मध्यमवर्गीय मन सुखावते. या अभिमानात गैर काहीच नाही; मात्र त्या संचाच्या अंतरंगात डोकावून पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही.

त्या अंतरंगात अतिसूक्ष्म यांत्रिक कंपके असतात. अॅल्युमिनियम नायट्राइडचा एक-दोन मायक्रॉन जाडीचा पापुद्रा विद्युत्-संकेत मिळताच सेकंदाला सुमारे २०० कोटी वेळा थरथरतो आणि असंख्य रेडिओलहरींमधून हवी तीच लहर गाळून घेतो. ही गाळणी नसेल, तर संच मुका आणि बहिरा ठरतो. आधुनिक संचात अशा गाळण्या डझनावारी असतात आणि त्यांच्या निर्मितीवर वर्चस्व आहे ते ब्रॉडकॉम, कॉर्व्हो, मुराता अशा मोजक्या अमेरिकी-जपानी कंपन्यांचे. भारताच्या वाट्याला येते ती मुख्यतः जोडणी!

ज्या जगदीशचंद्र बसूंच्या स्फटिक-लहरग्राहकाला १९०४ साली अमेरिकेचे पेटंट मिळाले, त्यांच्या देशाची ही अवस्था का व्हावी? मोहालीचा सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स १९८९ च्या आगीत होरपळला, हे खरे. पण आग कारखान्याला लागली होती. इच्छाशक्तीची राख झाली ती दिल्लीच्या फायलींत.

'बाजारात मिळते ते स्वतः कशाला घडवायचे?' असे विचारणाऱ्या अर्थपंडितांची आजही वाण नाही. अमेरिकेने भारताला महासंगणक नाकारला, तेव्हा हा बाजार कोठे होता? पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' साकारून त्या नकाराला उत्तर दिले. २०२२ साली अमेरिकेने चीनवर प्रगत चिपबाबत निर्बंध लादले. उद्या हीच वेळ भारतावर येणार नाही, याची हमी कोण देणार? सैन्याच्या संपर्कयंत्रणेलाही लहरी गाळाव्याच लागतात.

केंद्र सरकारने २०२१ साली सेमीकंडक्टर क्षेत्रासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली, ती स्वागतार्हच. बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची आयआयटी येथे सूक्ष्मयंत्रे घडविण्याच्या प्रयोगशाळाही आहेत. उणीव आहे ती तेथील संशोधन कारखान्यापर्यंत नेणाऱ्या धीराच्या भांडवलाची, आणि परदेशी नोकरीपेक्षा ही खडतर वाट निवडणाऱ्या मुलामुलींमागे ठामपणे उभ्या राहणाऱ्या कुटुंबांची.

स्वदेशीचे व्रत दिवाळीच्या आकाशकंदिलापाशी थांबत नाही. कंदील स्वदेशी आणि घराघरातला संवाद मात्र परक्यांच्या गाळणीतून, ही विसंगती स्वाभिमानी समाजाला शोभणारी नाही.