झेलणारे हात
सप्टेंबर २०१३मध्ये सिल्व्हरस्टोनला प्रात्यक्षिक करताना ब्रिटिश सायकलपटू मार्टिन अ‍ॅश्टन पडला, पाठीचे मणके सरकले आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. अशा माणसाविषयी ‘जिद्दीने मात केली’ असं लिहून आपण मोकळे होतो. मला ते खटकतं. पायांत ताकद परतलीच नाही. तरी २०१५मध्ये वेल्सच्या डोंगरउतारावर तो पुन्हा सायकलवर दिसला. खोलगट आसन, पट्ट्यांनी बांधलेले पाय, पॅडल मारणं नाहीच. सगळी भिस्त हातांवर आणि उतारावर. निघताना, थांबताना धरायला मित्र हवेत. त्या मित्रांबद्दल खरं तर अधिक लिहायला हवं. अपघाताने अर्धवट राहिलेली त्याची ‘रोड बाइक पार्टी २’ ही फिल्म डॅनी मॅकॅस्किल आणि ख्रिस अ‍ॅक्रिग या सायकलपटू मित्रांनीच पुरी केली होती.