टोळीचं राजकारण

परवा निवडणुकीचा विषय निघाला, तेव्हा नातू म्हणाला, "आजोबा, सत्तेची मारामारी आपल्या रक्तातच आहे. उत्क्रांतीने दिलेलं कसं बदलणार? मी मत द्यायला जाणार नाही." पुरावा म्हणून त्याने फ्रान्स द वाल यांचं 'चिंपांझी पॉलिटिक्स' (१९८२) हे पुस्तक माझ्या हातात ठेवलं. म्हटलं, वाचूनच बोलू. शब्दकोश शेजारी ठेवून महिनाभरात वाचलं.

नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या प्राणिसंग्रहालयातल्या चिंपांझींची ही हकीगत. येरून हा म्होरक्या. १९७६ साली लुइटने त्याला खाली खेचलं. मग म्हाताऱ्या येरूनने तरुण निक्कीला हाताशी धरलं आणि वर्षभरात निक्की म्होरक्या झाला. पुढे १९८० साली या दोघांनी लुइटला रात्रीच्या पिंजऱ्यात इतकं फाडलं की तो मेला. वाचताना आपल्याकडची बरीच नावं आठवली, खोटं कशाला बोलू! अमेरिकेत न्यूट गिंग्रिच यांनी १९९४ साली नव्या खासदारांना हे पुस्तक वाचायला सांगितलं होतं. त्यांनी त्यातून काय घेतलं असेल, देव जाणे.

पण नातवाने अर्धंच वाचलं होतं. त्याच टोळीत मामा नावाची वयस्क मादी भांडलेल्या नरांचा समेट घडवायची. नर हातात दगड घेऊन तयारीत असला, की माद्या तो हळूच काढून घ्यायच्या. लुइट स्वतः म्होरक्या झाल्यावर भांडणात हरणाऱ्याची बाजू घेऊ लागला होता. शिवाय चिंपांझी आपल्याला जितका जवळचा, तितकाच बोनोबोही, आणि त्यांच्यात माद्यांचं चालतं. मग आपल्या रक्तात नेमकं काय आहे म्हणायचं? कटही आहे आणि समेटही.

माझं म्हणणं एवढंच, की जीवशास्त्र राजकारणातल्या खोडी समजावून सांगतं, त्यांना परवानगी देत नाही. भूकही निसर्गाचीच, म्हणून पंगतीत कोणी शेजाऱ्याच्या पानावर हात मारत नाही. लुइटच्या टोळीत म्होरक्या बदलायचा तर रक्त सांडण्याची भीती होती. आपल्याकडे बोटाला शाई लावून तो बदलता येतो. ही सोय निसर्गाने दिलेली नाही, माणसांनी खपून केली आहे. ती न वापरणं म्हणजे येरून-निक्कीला रान मोकळं करून देणं.

हे सगळं नातवाला सांगितलं. "बघू," म्हणाला. मी मतदानाला जाताना त्याला हाक मारणार आहे. असो.